हिवाळी संच वापरण्याआधी: कार्डांवर उत्तरं का नाहीत?

नमस्कार. पहिली-दुसरीच्या वर्गासाठी तुम्ही आमचा हिवाळी संच घेतलात, मनापासून आभार. पेटी उघडल्यावर बरेच शिक्षक आम्हाला विचारतात, "कार्डांची मागची बाजू कोरी आहे, उत्तरं छापायची राहिली का?" राहिली नाहीत. आम्ही ती मुद्दाम काढली.

पहिल्या वर्षी उत्तरं होती. तेव्हा एका वर्गात मागच्या बाकावर बसून आम्ही संचाचा वापर पाहत होतो. बाईंनी विचारलं, "बर्फाचा एक खडा उघडा ठेवला आणि एक लोकरीत गुंडाळला, तर आधी कोणता वितळेल?" बाकीच्यांचे हात वर व्हायच्या आतच एका मुलाने कार्ड उलटं केलं आणि उत्तर मोठ्याने वाचून टाकलं. तास तिथेच संपला. ताटलीत बर्फ वितळत राहिला, पण त्याच्याकडे बघायला कुणी उरलं नाही. तेव्हापासून मागची बाजू मुलांची आहे. अंदाज काय, ते त्यांनी तिथे चित्र काढून दाखवायचं.

बर्फ आणि लोकर

संचातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग. त्याला घाई चालत नाही, म्हणून सुरुवात सकाळी पहिल्या तासाला करा. एकाच साच्यातले, सारख्या आकाराचे दोन खडे घ्या आणि दोन्ही सोबतच्या छोट्या प्लास्टिक पिशव्यांत घालून तोंड घट्ट बंद करा. हे विसरू नका, नाहीतर लोकर भिजते आणि प्रयोग फसतो. एक पिशवी ताटलीत उघडी ठेवा, दुसरी लोकरीच्या पिशवीत. गार वर्गात बर्फ वितळायला तास-दीड तासही लागू शकतो. तोवर नेहमीचा अभ्यास चालू द्या आणि प्रत्येक तासाच्या शेवटी दोन मुलांना पाहून यायला सांगा.

बहुतेक मुलं म्हणतील, लोकरीतला आधी वितळेल, कारण "स्वेटर गरम असतो". हे उत्तर चुकीचं आहे, पण बिनडोक अजिबात नाही. रोज स्वेटर घातला की ऊब येते, हा त्यांचा स्वतःचा अनुभव आहे. म्हणून लगेच दुरुस्त करू नका, फळ्यावर लिहा आणि खाली हात मोजा. पिशवी उघडल्यावर लोकरीतला खडा अजून शाबूत दिसतो, तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, ती आम्हाला फार मोलाची वाटते.

दुसऱ्या दिवशी हातमोजा घ्या. रिकाम्या मोज्यात थर्मामीटर घालून दहा मिनिटं ठेवा. आकडा वर्गातल्या हवेइतकाच राहतो. कुणीतरी नक्की म्हणेल, "बाई, हे बिघडलंय." मग त्याच मोज्यात एखाद्या मुलाला थर्मामीटरसकट हात घालायला सांगा. लाल रेघ डोळ्यांदेखत वर चढते. ऊब मोज्याची की हाताची, हा प्रश्न आता मुलंच विचारतात.

शिक्षकांसाठी खुलासा एवढाच: लोकरीच्या धाग्यांमध्ये हवा अडकून राहते आणि अशा कोंडलेल्या हवेतून उष्णता सहज जात नाही. आपल्या शरीराचं तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असतं. स्वेटर ती उष्णता आत धरून ठेवतो, स्वतः तयार करत नाही. बर्फाच्या बाबतीत तीच लोकर बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकू नका, एवढीच विनंती.

सावलीच्या पट्ट्या

काठी आणि कागदी पट्टीची गुंडाळी यासाठी आहे. दर आठवड्याला एकदा, ठरलेल्या वारी, भर दुपारी, त्याच जागी काठी उभी करा. सावलीइतकी पट्टी कापून तारखेसह भिंतीवर चिकटवा. सेंटिमीटरची गरज नाही, या वयात "मागच्यापेक्षा लांब की आखूड" एवढं पुरे. पट्ट्या शेजारी-शेजारी लागत गेल्या की मुलांचा पहिला आलेख भिंतीवर आपोआप तयार होतो.

पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंश कललेला असल्यामुळे हिवाळ्यात दुपारचा सूर्य खाली राहतो आणि सावली लांबते. उत्तर गोलार्धात २१ किंवा २२ डिसेंबरच्या सुमारास ती सर्वांत लांब असते, दक्षिण गोलार्धात २० किंवा २१ जूनच्या सुमारास. ४० अंश अक्षांशावर एक मीटर काठीची दुपारची सावली त्या दिवशी जवळपास दोन मीटर भरते. ढगाळ दिवशी कोरी पट्टी लावून तिच्यावर ढग काढा, अंदाजाने सावली कापू नका. आणि सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे दर वेळी सांगा.

शब्द, बोटं आणि मोजे

शब्दकार्डांत गारवा, गारठा, शिरशिरी, हुडहुडी, कुडकुडणं, ऊब असे शब्द आहेत. मुलांना ते कमी थंडीपासून जास्त थंडीपर्यंत ओळीने मांडू द्या. शिरशिरी आधी की हुडहुडी, यावर वाद होतो. होऊ द्या, त्या वादात शब्द पक्के होतात. ऊब कुठेच बसत नाही, हेही त्यांनाच सापडू द्या.

गार सकाळी आल्याआल्या लेखन देऊ नका. गारठलेल्या बोटांत पेन्सिल नीट धरता येत नाही आणि अक्षर बिघडलं की मूल हिरमुसतं. आधी तळवे एकमेकांवर घासायला लावा. घर्षणाने हात गरम होतात, हा धडाही जाता जाता होतो. मग संचातल्या आरशावर श्वास सोडून धुरकटलेल्या भागावर बोटाने अक्षर गिरवा. श्वासातली वाफ गार काचेवर निवते आणि तिचे बारीक थेंब होतात. आरसा मुलांनी आळीपाळीने वापरावा आणि मध्ये पुसून घ्यावा.

कागदी मोज्यांच्या जोड्या दोन-दोनने मोजण्यासाठी आहेत. एक मोजा आम्ही जाणूनबुजून जास्त दिला आहे, म्हणून कमी-जास्तीची तक्रार कळवू नका.

थर्मामीटर आणि निगा

आपण "पारा उतरला" म्हणतो, पण या नळीत पारा नाही, रंगवलेलं अल्कोहोल आहे. पाऱ्याची वाफ विषारी असते, म्हणून लहान मुलांच्या वर्गासाठी आम्ही पाऱ्याचा थर्मामीटर देत नाही. तरीही नळी काचेची आहे. फुटल्यास मुलांना दूर करून तुकडे मोठ्यांनीच उचलावेत आणि बदली नळीसाठी आम्हाला कळवावं.

लोकरीची पिशवी भिजली तर पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सपाट पसरून सावलीत वाळवा. पेटीत ठेवण्याआधी आतून हात घालून पाहा. बाहेरून कोरडी लागली तरी तळाची शिवण बराच वेळ ओली राहते.