अमेरिकन विद्यापीठाच्या अर्जात ‘ऑनर्स’ भरण्याआधी : पालकांसाठी माहितीपत्रक

बारावीनंतर थेट अमेरिकेत पदवीला जाणाऱ्या मुलांचे अर्ज आमच्या कार्यालयात तयार होतात. दर हंगामात पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, “ऑनर्सपण टाकायचं का?” प्रश्न योग्यच आहे. पण तो बहुधा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो. अर्ली अ‍ॅक्शनची (लवकर अर्ज, लवकर निकाल या फेरीची) १ नोव्हेंबरची तारीख तोंडावर आलेली असते आणि त्याचं नीट उत्तर शोधायला ना आमच्याकडे वेळ उरलेला असतो, ना मुलाकडे. म्हणून हे पत्रक. कॉमन अ‍ॅप, एसएटी, अर्ली अ‍ॅक्शन हे शब्द तुमच्या घरात आता रुळले आहेत असं धरून लिहिलं आहे; तरी सांगायचं तर कॉमन अ‍ॅप म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज आणि एसएटी म्हणजे प्रवेशासाठीची परीक्षा.

हे आपल्याकडचं ऑनर्स नव्हे

दिल्ली विद्यापीठाचं बी.ए. ऑनर्स किंवा नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथ्या वर्षाचं ऑनर्स डोक्यात ठेवलं, तर पुढचं सगळंच चुकतं. अमेरिकेत पदवी सगळ्यांचीच चार वर्षांची, साधारण १२० क्रेडिटची. ऑनर्सचा विद्यार्थी तीच पदवी घेतो. फक्त त्यातले काही विषय तो लहान, वेगळ्या वर्गांत शिकतो, ठरावीक जीपीए (४ पैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी) राखतो आणि बहुतेक ठिकाणी शेवटी एका प्राध्यापकाच्या हाताखाली थिसिस, म्हणजे संशोधनावरचा प्रबंध, लिहितो. पदवीदानाच्या वेळी निव्वळ गुणांवर मिळणारं ‘कुम लाउडे’ हे विशेष प्रावीण्य ही त्याहून निराळी गोष्ट आहे, ते ऑनर्सबाहेरच्या विद्यार्थ्यालाही मिळतं.

ही पद्धत रुजवली ती पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजनं, १९२२ साली. कॉलेजचे तेव्हाचे अध्यक्ष फ्रँक एडलॉट ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आले होते. तिथल्यासारखे छोटे गट, भरपूर लेखन आणि शेवटी बाहेरून बोलावलेल्या परीक्षकांसमोर परीक्षा, अशी त्यांनी आखलेल्या ऑनर्सची घडण होती. ‘एक्स्टर्नल’ बोलावण्याची ती प्रथा तिथे आजही चालू आहे. मोठ्या सरकारी विद्यापीठांनी मात्र स्वतंत्र ऑनर्स कॉलेजं (विद्यापीठातच ऑनर्सच्या मुलांसाठी असलेले वेगळे विभाग) बरीच उशिरा काढली. अ‍ॅरिझोना स्टेटचं बॅरेट १९८८चं, पेन स्टेटचं श्रायर १९९७चं, न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचं मॅकॉले २००१चं, पर्ड्यूचं २०१३चं आणि न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाचं २०१५चं.

ही कॉलेजं का निघाली हे पालकांनी समजून घ्यावं, कारण पैशाचं गणित तिथेच आहे. राज्यातली हुशार मुलं महागड्या खासगी विद्यापीठांकडे जाऊ नयेत, राज्याच्याच विद्यापीठात, स्थानिकांसाठीच्या कमी फीत, त्यांना छोट्या कॉलेजसारखं शिक्षण मिळावं, हा त्यामागचा मोठा हेतू. म्हणून एडिसनला राहणारी तुमची मावसबहीण जेव्हा सांगते की “आम्ही लेकीला आयव्ही लीगमधलं नामवंत खासगी विद्यापीठ सोडून रटगर्स ऑनर्सला घातलं, फार फायद्याचं पडलं”, तेव्हा ती अगदी खरं सांगत असते. पण तिची मुलगी न्यू जर्सीची रहिवासी आहे. आपली मुलं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात आणि राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याची चढी फी भरतात. त्या घराचा हिशोब आपल्या घराला लागू होत नाही. मॅकॉलेची पूर्ण ट्यूशन माफीही अशीच, न्यूयॉर्कच्या रहिवासाच्या अटी पुऱ्या करणाऱ्यांसाठीच आहे. नातेवाइकांचा सल्ला जरूर घ्या, पण फीचा आकडा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थी’ या रकान्यातला पाहा.

“टाकून तर ठेवू”

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ या तीन शब्दांत जातो.

सवय कुठून आली ते आम्हाला कळतं. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला (केंद्रीय प्रवेश फेरीला) आपण शक्य तितके पर्याय भरतो. त्यात शहाणपणच असतं. एक पर्याय वाढवायला काही लागत नाही, गुण एकच, वाटप संगणक करतो, वरचं मिळालं तर मिळालं. ऑनर्सचा अर्ज मात्र माणसं बसून वाचतात, आणि गुणांपेक्षा मुलानं काय लिहिलंय ते वाचतात. त्यात प्रत्येक विद्यापीठाची रीत वेगळी. रटगर्स किंवा मेरीलँडला वेगळा अर्ज नसतो, मुख्य अर्जावरूनच विचार होतो. तिथे तुम्हाला काहीच करायचं नाही. पर्ड्यूला मुख्य अर्जातच ऑनर्सचं निवडलं की त्याचे वेगळे प्रश्न समोर येतात. श्रायर आणि बॅरेटला स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र निबंध. काही ठिकाणी तर प्रवेश मिळाल्यावरच ऑनर्ससाठी विचारणा होते.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. शेवटच्या आठवड्यात पालक पाच-सहा ठिकाणी ऑनर्सच्या चौकटीवर खूण करतात. खूण करायला क्षणभर लागतो, पण प्रत्येक खुणेमागून दोन-तीन निबंध बाहेर येतात. मुलाची सहामाही नुकतीच झालेली किंवा चालू असते, जेईईचा क्लास असतो, घरात फराळाची तयारी असते. २०२४ साली तर लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरलाच होतं. मग मूल मुख्य निबंध कापून तोच ऑनर्सच्या प्रश्नाला चिकटवतं, आणि वाचणाऱ्याच्या हातात मूळ निबंध आधीच असतो. किंवा रात्री बाबा लिहायला बसतात. बाबांचं इंग्रजी चांगलं असतं, हेतूही चांगला असतो, पण सतरा वर्षांचं मूल ऑफिसातल्या ‘क्रॉस-फंक्शनल टीम’विषयी लिहीत नाही. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेलं तर आम्हीसुद्धा दुसऱ्या ओळीत ओळखतो. नुकसान केवळ ऑनर्सचं होत नाही. ज्या मुख्य अर्जांवर जूनपासून मेहनत घेतली, त्यांची शेवटची तपासणी या धांदलीत राहून जाते. शिफारसपत्राच्या शिक्षकांना आठवण करायची राहते, एका विद्यापीठाच्या निबंधात दुसऱ्याचं नाव तसंच जातं.

म्हणून आमच्याकडे दोन नियम आहेत. काही पालकांना ते कडक वाटतात, हे आम्हाला ठाऊक आहे.

पहिला नियम तारखेचा. ऑनर्सची यादी अनंत चतुर्दशीपर्यंत पक्की झाली पाहिजे, आणि स्वतंत्र निबंध लागतात अशी दोन, फार तर तीन ठिकाणंच त्यात असावीत. त्यानंतर १ नोव्हेंबरच्या तारखेसाठी आम्ही ऑनर्सचं नवं काम हाती घेत नाही, कितीही जुने ग्राहक असले तरी. ज्यांनी वेळेत यादी दिली त्यांच्या मुलांचे मसुदे त्या आठवड्यांत आमच्या टेबलावर असतात, आणि त्यांच्या वाटचा वेळ दुसऱ्याला देणं आम्हाला बरोबर वाटत नाही.

दुसरा नियम असा की यादी पक्की करण्याआधी आम्ही मुलाशी तासभर एकट्याशी बोलतो. पालक बाहेर बसतात. “फी आम्ही भरतो आणि आम्हीच बाहेर का?” असं विचारलं जातं. याचं कारण सरळ आहे. थिसिस मुलाला लिहायचा आहे. कोणी सांगितलं नसताना तू कशाविषयी वाचत बसतोस किंवा बसतेस, हा प्रश्न आई-वडील समोर असले की मुलं त्यांच्याकडे पाहून सोडवतात. एकटी असली की कोणी मुळा-मुठेतली जलपर्णी दरवर्षी परत का येते यावर बोलत सुटतं, कोणी जुन्या क्रिकेट सामन्यांच्या आकडेवारीवर. ज्या मुलाला असं काही सांगायला सापडतं त्याचा ऑनर्सचा निबंध लिहून होतो, आणि चांगला होतो. ज्याला तासाभरातही सापडत नाही त्याला आम्ही ऑनर्स भरू नकोस असं स्पष्ट सांगतो. ते मूल कमी हुशार आहे असा त्याचा अर्थ मुळीच नाही. एका विषयामागे वर्ष-दीड वर्ष राहण्याची त्याची इच्छा आज नाही, इतकंच.

मिळतं काय, द्यावं काय लागतं

माहितीपुस्तिकांत ऑनर्सचं वसतिगृह, सहली, मानाचा पट्टा यांचे फोटो असतात. आमच्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट फोटोत येत नाही, ती म्हणजे विषय निवडीसाठी मिळणारा आधीचा क्रमांक. चाळीस-पन्नास हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सचे हवे ते वर्ग पटापट भरतात. एखाद्या विषयाची जागा हुकली आणि पुढचे विषय त्यावर अवलंबून असले, तर सत्र लांबतं, आणि राज्याबाहेरच्या फीत एक जादा सत्र म्हणजे किती ते तुम्ही जाणताच. अनेक विद्यापीठांत ऑनर्सवाल्यांना ही नोंदणी इतरांच्या आधी करता येते. तुमच्या यादीतल्या विद्यापीठात ती सोय आहे का, हे पहिलं विचारा.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे मुलाला नावानं ओळखणारा प्राध्यापक. पुढे एम.एस. किंवा पीएच.डी.साठी शिफारसपत्र लागतं तेव्हा तीनशेच्या वर्गात ‘ए’ मिळवलेल्या विद्यार्थ्याबद्दल प्राध्यापक चार ओळींपलीकडे काय लिहिणार? थिसिस ज्यांच्याकडे केला ते दोन पानं लिहू शकतात. संशोधनाकडे कल असलेल्या मुलासाठी ऑनर्स खरोखर उत्तम आहे, आणि तिथे आम्ही स्वतःहून आग्रह धरतो. पदवीनंतर लगेच नोकरी हेच ध्येय असेल तर इंटर्नशिप आणि प्रोजेक्ट यांचं वजन जास्त पडतं. व्हिसाला ऑनर्सचा उपयोग होत नाही.

द्यावं लागतं ते जीपीए, वेळ आणि काही ठिकाणी पैसा. श्रायरमध्ये टिकायला ३.४० लागतो, बॅरेटला ३.२५. बॅरेटला प्रत्येक सत्राचं वेगळं ऑनर्स शुल्कही आहे, ते खर्चाच्या तक्त्यात आम्ही निराळं दाखवतो. बॅरेटमध्ये पहिल्या वर्षी ‘द ह्युमन इव्हेंट’ हा दोन सत्रांचा वाचन-चर्चेचा वर्ग सगळ्यांना असतो, इंजिनिअरिंगवाल्यांनाही. ज्या मुलाला वाचायला आवडत नाही त्याला तो जड जातो, ज्याला आवडतं ते मूल घरी फोन करून त्याच वर्गाबद्दल सांगतं. इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम आधीच गच्च असतो, त्यात ऑनर्सची क्रेडिट कुठे बसवायची हा प्रश्न रास्त आहे. त्यावर बऱ्याच ठिकाणी ‘ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट’ची सोय असते. नेहमीच्याच विषयात प्राध्यापकांशी ठरवून जादा काम करायचं आणि ते ऑनर्समध्ये धरलं जातं. इलिनॉयच्या जेम्स स्कॉलर योजनेतही अशा लेखी कराराचा मार्ग आहे.

नाही जमलं तर? ऑनर्समधून बाहेर पडलं तरी विद्यापीठ आणि पदवी कायम राहते. मात्र ऑनर्सला जोडलेली शिष्यवृत्ती असेल तर ती जाते, म्हणून देकाराच्या पत्रात ती रक्कम कोणाकडून आहे हे वाचा. उलट बाजूही आहे. पेन स्टेटसारख्या ठिकाणी शिकायला लागल्यावरही ऑनर्ससाठी अर्ज करता येतो. बारावीत राहिलं म्हणून कायमचं राहिलं असं नाही.

अ‍ॅरिझोना स्टेटचं ऑनर्स की पर्ड्यूचं साधं?

फेब्रुवारी-मार्चमध्ये विचारला जाणारा हा प्रश्न. विद्यापीठांची नावं बदलतात, प्रश्न तोच असतो. आमचा क्रम ठरलेला आहे. आधी विषय, मग चार वर्षांचा एकूण खर्च, मग ऑनर्स. हव्या त्या शाखेत थेट प्रवेश आहे की नंतर मिळवावा लागणार, हे सर्वांत आधी पाहायचं. पर्ड्यूत इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सामायिक असतं आणि शाखा त्यानंतर ठरते. ऑनर्समध्ये निवड झाली म्हणजे कॉम्प्युटर सायन्समध्ये जागा मिळाली, असा समज करून घेऊ नका. या दोन निवडी वेगळ्या आहेत. विषय आणि खर्च दोन्हीकडे जवळपास सारखे असतील, तेव्हा ऑनर्सनं पारडं झुकू द्यावं. उत्तर १ मेपर्यंत द्यायचं असतं, त्यामुळे एप्रिलमध्ये मुलाला त्या ऑनर्स कॉलेजमधल्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलू द्या. आमच्याकडून गेलेल्या मुलांशी, त्यांच्या सोयीनं, आम्ही गाठ घालून देतो.

आमच्या फीबद्दल

मुख्य अर्जांच्या फीत ऑनर्सचे निबंध येत नाहीत, त्यांची फी प्रत्येक विद्यापीठामागे वेगळी असते. आम्ही निबंध लिहून देत नाही. मूल लिहितं, आम्ही वाचतो, प्रश्न विचारतो, ते पुन्हा लिहितं. याला चार-पाच फेऱ्या लागतात आणि फी त्या वेळेची आहे. ऑनर्स भरावं की नाही यासाठी मुलाशी होणारं तासाभराचं बोलणं मात्र अकरावीपासून आमच्याकडे नोंदणी असलेल्यांना मुख्य फीतच मिळतं. ‘भरू नका’ असं आम्ही सांगितलं तर तुमचे पैसे वाचतात. हा सल्ला आम्ही बऱ्याच घरांना देतो.

बारावीच्या जूनमध्ये पहिल्या भेटीला येताना नववीपासूनच्या गुणपत्रिका, एसएटीचा निकाल असेल तर तो, आणि विद्यापीठांची तुमच्या मनातली यादी आणा. मुलाला त्याची स्वतःची यादी वेगळ्या कागदावर लिहायला सांगा आणि ती घरी पाहू नका. दोन्ही याद्या टेबलावर शेजारी ठेवून आम्ही सुरुवात करतो. भेटीची वेळ मुलाच्या क्लासच्या वेळा पाहून फोनवर आधी ठरवावी, शनिवारी-रविवारी सकाळी गर्दी असते.