वर ओल, खाली कोरडी वाळू

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीपाशी आमच्या पाहुण्यांच्या रानात पाईपलाईनसाठी चर काढला होता. आदल्या दिवशीच उसाला पाणी दिलेलं. चरात उतरून बघितलं तर वरची तीन फूट पोयट्याची, म्हणजे नदीच्या बारीक गाळाची, माती इतकी ओली, की मुठीत दाबली की लाडू व्हावा. आणि तिच्याखाली, आखून काढल्यासारख्या एका रेघेवर भरड वाळू सुरू झालेली. ती हातात घेतली तर बोटांच्या फटींतून सळसळत निघून गेली. पार कोरडी. पाहुणे म्हणाले, "खाली वाळू हाय म्हणून पाणी पळून जातंय, असं आम्ही जन्मभर समजतोय. मग हे वर अडून का बसलंय?"

या प्रश्नाचं उत्तर मला मातीविज्ञानातल्या सगळ्यांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं, म्हणून हा लेख.

आधी ही वाळू तिथे आली कशी ते पाहू. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचं पाणी एकत्र होऊन चिखलीपासून पंचगंगा वाहू लागते. नदी एकाच पातळीवर कायम वाहत नाही. काही काळ ती गाळ टाकत पात्र भरते, मग हवामान किंवा उतार बदलला की तोच गाळ कापत खाली उतरते. जुना तळ मग काठावर उंच सपाटीसारखा उरतो. पुस्तकात त्याला नदीची पायरी म्हणतात, आपण नुसतं 'मळीचं रान' म्हणतो. (साखर कारखान्याची मळी वेगळी, तिचा इथे संबंध नाही.) पुरापासून थोडी उंच आणि पाण्याला जवळ अशी ही जागा माणसाने फार पूर्वी हेरली. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा सातवाहन काळातली वस्ती सापडली.

वाळू आणि चिखल वेगळे कोण करतं? पाण्याचा वेग. काचेच्या बरणीत मूठभर माती पाण्यात ढवळून ठेवा. ०.०५ मिलिमीटरचा वाळूचा बारीक कण १० सेंटिमीटर खाली बसायला पाऊण मिनिट घेतो. चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरचा कण तेवढ्याच अंतराला सुमारे ८ तास घेतो. कण दहापट लहान झाला की बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो. म्हणून पुराचं पाणी काठावर चढून जरा मंदावलं, की आधी वाळू पडते आणि तिथे पूरतट तयार होतो. पोयटा त्याच्या पलीकडे बसतो, आणि सगळ्यांत लांब, पाणी तुंबून राहतं तिथे, चिकण. नदीने पात्र बदललं की कालच्या वाळूवर आज पोयटा बसतो. थरांची अशी उतरंड प्रत्येक रानात निराळी असते.

आपल्याकडे वाळूची जमीन मुळातच कमी. ग्रॅनाइट झिजला की त्यातलं क्वार्ट्‌झ न विरघळता वाळू होऊन उरतं. आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यात क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतंच. तो कुजत गेला की शेवटी चिकणमाती होते, तीच आपली काळी. पंचगंगेच्या वाळूत काळ्या दगडाचे अजून न कुजलेले तुकडे असतात, मधूनच गारगोटी चमकते. कुजायच्या आत नदीने उचलून आणलेला हा माल आहे.

आता मूळ प्रश्न. मातीतलं पाणी फक्त गुरुत्वाने खाली जात नाही. कणांमधल्या बारीक फटी पाणी ओढून धरतात. दिव्याची वात तेल चढवते तेच हे केशाकर्षण. फट जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त, आणि हिशेब अगदी सरळ आहे: फटीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि ३० ला त्याने भागा, तेवढे मिलिमीटर उंच पाणी ती पेलते. १ मिलिमीटरची फट ३ सेंटिमीटर, ०.१ मिलिमीटरची ३० सेंटिमीटर, आणि ०.०१ मिलिमीटरची चक्क ३ मीटर.

समजा पोयट्यातल्या फटी ०.०१ मिलिमीटरच्या आसपास आहेत आणि खालच्या भरड वाळूतल्या ०.५ मिलिमीटरच्या. वाळूची फट जास्तीत जास्त ६ सेंटिमीटरची ओढ लावू शकते. वरच्या पोयट्यात पाणी एक मीटर उंचीइतक्या ओढीने धरलेलं असेल, तर या रस्सीखेचीत वाळू हरणारच. पाणी रेघेपर्यंत येतं आणि थांबतं. खाली मोकळी जागा आहे, गुरुत्वही आहे, तरी थेंब उतरत नाही. त्याला पोयटा सोडून वाळूत जाणं म्हणजे घट्ट पकडीतून सैल पकडीत जाणं, आणि घट्ट पकड त्याला सोडत नाही.

मग पाणी साठत जातं. रेघेच्या लगतचा पोयटा ओला होत होत तिथली ओढ १ मीटरवरून अर्ध्या मीटरवर, मग वीस सेंटिमीटरवर, दहावर येते. ६ सेंटिमीटरच्या खाली आली की वाळूच्या फटीला पाणी घेता येतं. म्हणजे वाळूत पाणी उतरायला तिच्यावरची माती जवळजवळ पूर्ण भरावी लागते. आणि उतरतं तेव्हाही सगळीकडून सारखं नाही. जिथे फट जराशी सोयीची, तिथून बोटांसारख्या धारा फुटतात आणि बाकीची वाळू कोरडीच राहते. आम्ही चरात पाहिली ती वाळू अशा दोन बोटांमधली असेल, किंवा पाणी अजून उतरायची वेळच आली नसेल.

घरी हे बघायचं तर भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. थोड्या वेळाने ठिबकणं थांबेल. आता तोच उभा धरा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंजाच्या खालच्या कडेशी ठराविक उंचीचा भाग कायम भरलेला राहतो. आडव्या स्पंजात तो भाग मोठा, उभ्यात लहान.

यावरून एक जुना गैरसमज निकालात निघतो. कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा चांगला होतो, असं आपण सगळे ऐकत आलोय. होतं उलटं. खडीच्या वर माती चिंब होईपर्यंत पाणी अडतं, आणि हा चिंब पट्टा खडीने वर उचलल्यामुळे मुळांच्या आणखी जवळ येतो. कुंडीला भोक हवं आणि माती वरपासून खालपर्यंत एकसारखी हवी, बस्स.

पाहुण्यांच्या रानाला मात्र हा अडसर वरदान आहे. नुसती खोल वाळू असती तर मीटरभर जमिनीत पिकाला वापरता येईल असं जेमतेम ६० ते १०० मिलिमीटर पाणी थांबलं असतं. चिकण जमिनीत ते १५० ते २०० असतं. खाली वाळू असलेला तीन फूट पोयटा एकसलग खोल पोयट्यातल्या वरच्या तीन फुटांपेक्षा जास्त पाणी धरतो. दुसरा फायदा आपल्या शिरोळकरांना लगेच कळेल. तिथल्या काळ्या रानांत पाण्याची पातळी वर आली की बारीक फटींतून खारं पाणी वर चढतं, वाफ उडून जाते, मीठ मागे राहतं आणि रान क्षारपड होतं. अशा उसाचा गूळ खारट लागतो, हे गुऱ्हाळावर कुणीही सांगेल. मध्ये भरड वाळूचा थर असला तर पाण्याची ही वर चढणारी वात तुटते.

तोटाही तिथेच आहे. पाण्याने मर्यादा ओलांडली की बोटं फुटतात, आणि मग युरियातून तयार झालेलं नायट्रेट त्या वाटेने थेट विहिरीत. पाट भरभरून सोडणाऱ्याला आपण किती ओतलं ते कळत नाही, कारण वरचं रान तेवढंच ओलं दिसतं. अशा जमिनीला पाणी थोडं आणि वरचेवर द्यावं, ठिबक असेल तर उत्तम, आणि युरियाचे हप्ते जास्त पाडावेत. वाळसर पट्ट्यात ऊसच लावायचा हट्टही सोडावा. भुईमुगाच्या आऱ्या (फुलातून जमिनीत उतरून शेंग धरणारे देठ) भुसभुशीत जमिनीत सहज उतरतात आणि शेंगा उपटताना तुटत नाहीत. रताळी, कलिंगडही तिथे साधतात.

एक गोष्ट मला इथे बोलावीशी वाटते. अशा रानात विहीर काढायला आजही पाणाड्याला, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्याला, बोलावतात, हातात नारळ नाहीतर काटकी देऊन फिरवतात, पायाळू माणूस शोधतात. नदीच्या पायरीखाली वाळू-गोट्यांचा थर शेतभर पसरलेला असतो आणि त्यातलं पाणी नदीशी जोडलेलं असतं. तिथे नारळ उभा राहो न राहो, पाणी बहुतेक लागतंच. पाणाड्याचं नाव होतं ते नदीच्या जिवावर. त्याला दिलेल्या पैशांत दोन-तीन खड्डे घेऊन थर बघितले तर जन्मभर उपयोग होईल.

२०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पूर ओसरला तेव्हा काही काळ्या रानांवर वाळूचा थर बसलेला होता आणि लोक म्हणाले, रान वाया गेलं. फूटभर वाळू असेल तर ती काढावीच लागते. पण चार बोटं असेल, तर हिशेब उलटा करून बघा. वर भरड, खाली बारीक. पाऊस वाळूतून झरझर आत शिरतो आणि खालची काळी तो ओढून घेते. ऊन पडलं की काळीतल्या पाण्याला वाळूच्या रुंद फटींतून वर चढता येत नाही, म्हणून बाष्पीभवन घटतं. चीनच्या गान्सू प्रांतात शेतकरी काही शतकं मुद्दाम शेतावर खडी-वाळू पसरून कलिंगडं पिकवत आले आहेत, ती याच कारणाने.

पाहुण्यांनी चर बुजवायच्या आधी रानात आणखी तीन जागी छातीभर खड्डे घेतले. बांधाकडे वाळू दोन फुटांवर लागली, मधे चार फुटांवर, आणि ओढ्याच्या बाजूला लागलीच नाही. आता ठिबकच्या नळ्या टाकताना तिन्ही पट्ट्यांना वेगवेगळे कॉक बसवलेत.