मोडला डावा, व्यायाम उजव्याला

मावशी न्हाणीघरात घसरली आणि तिचं डावं मनगट मोडलं. प्लास्टर चढलं. आठवड्याभरानं एक तरुण फिजिओथेरपिस्ट घरी आली. जिममधली पोरं दाबत बसतात तसली स्प्रिंगची हँडग्रिप तिनं मावशीच्या उजव्या हातात दिली. "काकू, ही एक दिवसाआड दाबायची. हळूहळू नाही, अगदी दात-ओठ खाऊन."

मावशीनं ग्रिपकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अगं पोरी, मोडलाय तो डावा."

"म्हणून तर उजवा!"

ती गेल्यावर मावशी म्हणाली, "नवीन दिसतेय." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. पण ती मुलगी ज्या आधारावर बोलत होती तो सव्वाशे वर्षांहून जुना निघाला.

१८९४ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका व्यक्तीला काही दिवस फक्त उजव्या हाताच्या मुठीचा व्यायाम दिला. उजव्याची ताकद वाढली, त्यात नवल नव्हतं. पण मोजून पाहिलं तर काहीच न केलेल्या डाव्या हाताचीही वाढली होती. त्यानंतर हा प्रयोग हात, पाय, घोटे, बोटं अशा सगळ्या अवयवांवर करून झाला आहे. विश्रांती घेणाऱ्या बाजूची ताकद साधारण ८ ते १२ टक्क्यांनी वाढते, असं या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसतं. त्या बाजूचा स्नायू मात्र तेवढाच राहतो.

मग ताकद वाढली कुठे?

आपल्या डोक्यात ताकद म्हणजे दंड. शर्टाच्या बाहीत न मावणारा. पण जिमला नव्यानं जाणाऱ्या कुणालाही विचारा. पहिल्या महिन्यात बारवरचं वजन भराभर वाढतं आणि टेप लावली तर दंड होता तिथेच असतो. १९७९ मध्ये मोरितानी आणि डीव्ह्रीस यांनी स्नायूंमधली विद्युत हालचाल मोजून हे कोडं बरंचसं सोडवलं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते. स्नायू जाड होऊन त्यात मोठा वाटा उचलू लागतो तो साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यानंतर.

मज्जासंस्थेची ताकद हे जरा उलगडून सांगायला हवं. मज्जारज्जूतली एक चेतापेशी स्नायूतल्या ठरावीक तंतूंना हुकूम देते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका चेतापेशीच्या हाताखाली जेमतेम दहा-वीस तंतू असतात, पोटरीत हजाराच्या वर. ती पेशी आणि तिचे तंतू मिळून एक तुकडी, म्हणजे मोटर युनिट. चहाचा कप उचलायला लहान तुकड्या पुरतात. पाण्यानं भरलेला हंडा उचलायचा तर मोठ्या तुकड्याही लागतात, आणि त्या नेहमी लहानांच्या मागून कामाला लागतात. व्यायामाची सवय नसलेल्या माणसाला या मोठ्या तुकड्या पूर्ण वेगानं कामाला लावता येत नाहीत. शिवाय कोपर वाकवताना दंडाच्या मागचा स्नायू उगाच उलटा ताण देत राहतो, म्हणजे बैलगाडी हाकायची आणि चाकाला खीळही घालायची. सरावानं हुकूम अधिक वेगानं सुटतात आणि ही खीळ सैल होते. एका हाताला हुकूम देताना मेंदूच्या दोन्ही बाजू थोड्याफार जाग्या होतात, त्यामुळे या शिकवणीचा काही भाग दुसऱ्या हातालाही मिळतो.

मेंदू ताकद हातची राखून ठेवतो, हे १९६१ मध्ये मिचिओ इकाई आणि आर्थर स्टाइनहाउस यांनी फार मजेशीर पद्धतीनं दाखवलं. लोकांना हाताचा पूर्ण जोर लावायला सांगायचं आणि मधेच अचानक पाठीमागे पिस्तुलाचा बार काढायचा! बार ऐकल्यावर सरासरी ७ टक्के जोर जास्त लागला. स्वतःच मोठ्यानं ओरडत जोर लावला, तर १२ टक्के. आखाड्यात शड्डू ठोकून 'बजरंगबली की जय' म्हणणाऱ्या पैलवानांना हे कागद न वाचताच ठाऊक होतं, असं मला वाटतं.

याहून विचित्र प्रयोग १९९२ चा, यू आणि कोल यांचा. चार आठवडे एका गटानं करंगळी बाजूला ताणण्याचा व्यायाम केला, दुसऱ्यानं तो फक्त मनात केला, बोट जराही न हलवता. पहिल्या गटाची ताकद ३० टक्के वाढली, मनातल्या मनात व्यायाम करणाऱ्यांची २२ टक्के. समाजमाध्यमांवर हा प्रयोग 'सोफ्यावर पडून बॉडी कमवा' अशा थाटात फिरतो, तेव्हा माझं डोकं फिरतं. करंगळी बाजूला ताणण्याचं काम आपण एरवी करतोच किती? ज्या हालचालीचा मेंदूला सराव नाही, तिथे शिकायला वाव जास्त. मांडीच्या स्नायूकडून अशी अपेक्षा ठेवू नये.

मांडीसाठी प्रत्यक्ष वजनच उचलावं लागतं, अगदी नव्वदीतही. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रात मारिया फियातारोने यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायाचा जड व्यायाम दिला. जड म्हणजे, एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत नेलेलं वजन. एकानं मधेच सोडलं. उरलेल्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, म्हणजे १० किलो उचलणारा पाय २७ किलोंवर गेला. मांडीचा स्नायू किती वाढला? ९ टक्के. दोघांनी काठी बाजूला ठेवली.

आता मावशीच्या मनगटाकडे. नेमका हाच उपाय कॅनडात सॅस्कॅचवनच्या संशोधकांनी मनगट मोडलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या ३९ बायकांवर तपासला आहे. त्याचा अहवाल २०१३ चा. ज्यांनी धडधाकट हाताचा व्यायाम केला, त्यांच्या मोडलेल्या हाताची पकड बाराव्या आठवड्यात सरासरी १७ किलोंच्या आसपास होती, बाकीच्यांची १२. सव्विसाव्या आठवड्यापर्यंत दोन्ही गट सारखे झाले. म्हणजे चमत्कार वगैरे नाही, पण मधले ते तीन-चार महिने ज्या बाईला घर चालवायचं असतं, तिला पाच किलोंची पकड काय असते ते विचारा.

प्लास्टर निघालं त्या दिवशी डावा हात वाळक्या शेंगेसारखा दिसत होता. त्या मुलीनं डायनामोमीटर, म्हणजे पकड किलोत मोजायचं यंत्र, मावशीच्या त्या हातात दिलं. मावशीनं आधी पदर खोचला, मग दाबला. काटा ९ वर थांबला. "काय गं, बरं आहे का हे?" बरं आहे, असं ती म्हणाली. मावशीनं तेवढ्यात यंत्र उजव्या हातात घेऊन पुन्हा दाबलं. २३. "बघ," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तुझं दाखव."