हप्ते संपले, आता गाडी ठेवायची की काढायची? बोजा उतरवण्याची अर्ज प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

शेवटचा हप्ता खात्यातून गेला की गाडी आपली झाली, असं घरात सगळे धरून चालतात. आरसी कार्डावर मात्र फायनान्सरचं नाव, म्हणजेच बोजा, तसंच असतं. बँक ते आपोआप काढेल या भरवशावर तीन-चार वर्षं जातात. मग गिऱ्हाईक दारात उभं असताना एनओसी, म्हणजे कर्ज मिटल्याचं बँकेचं ना-हरकत पत्र, शोधायची वेळ येते, आणि सापडली तरी तिची मुदत संपलेली असते. म्हणून गाडी ठेवा किंवा विका, बोजा आधी उतरवा. ठेवायची की विकायची याचा विचार ते काम चालू असताना निवांत करता येतो.

करार नक्की कोणता आहे?

आपल्याकडच्या बहुतेक गाड्या साध्या कर्जावर असतात. आरसी तुमच्या नावावर आणि त्यावर बँकेचा बोजा. इथे करार संपला की गाडी परत देण्याचा प्रश्नच येत नाही.

काही योजनांमध्ये दरमहा हप्ता लहान ठेवून शेवटी एक मोठा हप्ता लावलेला असतो. तो भरायचा, त्यावर पुन्हा कर्ज काढायचं की गाडी विकून तो फेडायचा, हे मुदतीच्या दोन-तीन महिने आधी ठरवावं लागतं. ठरलेल्या किमतीला गाडी परत घेण्याची हमी असेल तर किलोमीटरची मर्यादा, सर्व्हिसचा रेकॉर्ड आणि बॉडीवरचे डेंट यांच्या अटी करारातच वाचा. हमीची किंमत या अटी पाळल्या तरच मिळते. लीजवरची गाडी आरसीवर कंपनीच्या नावाने असेल, तर ती ठेवणं म्हणजे उरलेली किंमत भरून विकत घेणं. तिथे बोजा उतरवणं पुरत नाही, नाव बदलण्याचा पूर्ण अर्ज लागतो.

ठेवायची की काढायची: हिशोब

पाच वर्षांच्या गाडीचा विमा काढताना कंपनी तिची किंमत नव्याच्या साधारण निम्मी धरते. चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी घसारा ५० टक्के आहे, पाच वर्षांनंतर किंमत कंपनी आणि मालक दोघांच्या संमतीने ठरते. बाजारात मात्र चांगली ठेवलेली गाडी त्याहून जास्त भाव खाते. म्हणून विम्याचा आकडा पाहून घाबरून गाडी काढू नका.

पुढच्या दोन वर्षांत काय काय बदलावं लागेल ते लिहून काढा. टायर ४० ते ५० हजार किलोमीटरला, बॅटरी तीन ते पाच वर्षांनी, शिवाय क्लच, ब्रेक पॅड आणि सस्पेन्शनचे बुश. जांबोटी-चोर्ला मार्गे गोव्याला वारंवार जाणाऱ्या गाडीचा क्लच आणि ब्रेक लवकर झिजतात. खानापूर-कणकुंबीच्या पावसात बाहेर उभी राहणारी गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा आणि सायलेन्सर बघून घ्या. पत्रा पोखरला असेल तर पुढे सगळा खर्च तिथेच जातो, अशी गाडी आताच काढलेली बरी. पत्रा आणि इंजिन चांगलं असेल तर जो हप्ता भरत होता तोच वर्षभर बाजूला टाका. महिना १२ हजार म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. एवढ्यात वरची सगळी यादी भागून पैसे उरतात.

डिझेल गाडी दहा वर्षांत बाद होते, ही भीती इथे अनेकांना असते. तो निर्बंध दिल्ली परिसरातला आहे. इथे खाजगी कारची नोंदणी पेट्रोल असो वा डिझेल १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते.

बोजा उतरवण्यासाठी पात्रता

अर्ज आरसीवर ज्याचं नाव आहे त्यानेच करायचा. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी करावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१ आहे. कर्जखातं पूर्ण बंद झालेलं हवं, नुसते हप्ते संपून चालत नाही. मधे कधी चेक किंवा ऑटो-डेबिट बाउन्स झाला असेल, तर त्याचे काहीशे रुपये आणि त्यावरचं व्याज खात्यात पडून असतं. एवढ्यासाठी एनओसी अडते. म्हणून शेवटच्या हप्त्याआधीच कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागवा.

मुदतीआधी कर्ज फेडत असाल तर फोरक्लोजरचं पत्र घ्या. कारकर्ज बहुधा स्थिर व्याजदराचं असल्याने त्यावर आकार लागू शकतो. तो किती, हे मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं.

बँकेने पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत करून बोजा काढायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बँका, नागरी सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्या यात येतात. पतसंस्था, सौहार्द सोसायटी आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्या रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत, त्यामुळे त्यांना हा नियम लागत नाही. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात गाडीचं कर्ज सोसायटीतून काढलेले पुष्कळ आहेत, त्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. पाटीवर सौहार्द लिहिलेलं असूनही ती बँक असू शकते. पासबुकावर पूर्ण नाव वाचा.

सोसायटीत आणखी एक अडचण असते. तुम्ही दुसऱ्या कोणाला जामीन असाल आणि त्याचं कर्ज थकलं असेल, तर तुमची एनओसी रोखून धरतात. तसं सांगितलं तर कारण लेखी मागा. गाडीच्या कर्जाला शेतजमीन तारण दिली असेल तर आरटीसीवरचा, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावरचा, बोजाही वेगळा कमी करून घ्यावा लागतो. आरटीओतला अर्ज तो काढत नाही.

कागदपत्रं

बँकेकडून फॉर्म ३५, म्हणजे कर्जाचा करार संपल्याची सूचना, दोन प्रतीत घ्यायचा, सही-शिक्क्यासह. त्याच्यासोबत एनओसी येते, एक प्रत आरटीओसाठी आणि एक विमा कंपनीसाठी. त्याच वेळी, कर्ज घेताना दिलेले कोरे चेक, आणि फायनान्सरने दुसरी किल्ली ठेवून घेतली असेल तर तीही मागून घ्या. आपल्याकडून लागतं ते असं: मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, आधार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा, पॅन, आणि नसल्यास फॉर्म ६०.

एनओसी हातात पडली की तिथेच, काउंटरवर उभं राहून, आरसीशी ताडून पाहा. चासी नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत. एनओसीत शून्याच्या जागी ओ छापलं असेल तर ती चूक आहे, आणि आरटीओत ती हमखास पकडतात. नावाचं स्पेलिंगही तपासा. आरसीवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि कन्नडमधून इंग्रजीत उतरताना एखादं अक्षर जास्त, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. फरक मोठा असेल तर आधी आधार दुरुस्त करून घेणं सोपं पडतं. एनओसी साधारण तीन महिनेच ग्राह्य धरतात, तेव्हा ती कपाटात ठेवण्याचा कागद नाही.

बँकेचं नाव बदललं असेल तर तेही पाहा. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली. आरसीवर सिंडिकेटचं नाव असेल तर कॅनराच्या एनओसीत विलीनीकरणाचा उल्लेख लिहून घ्या. नाहीतर काउंटरवरचा माणूस दोन नावं जुळत नाहीत म्हणून कागद परत देतो, आणि त्याचं चुकत नाही.

अर्ज कसा करायचा

परिवहनच्या संकेतस्थळावर कर्नाटक निवडून गाडीचा नंबर आणि चासी नंबरची शेवटची पाच अक्षरं टाकायची. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येतो. गाडी घेताना शोरूमने स्वतःचा किंवा एजंटचा नंबर टाकलेला असतो, आणि काम इथेच अडतं. म्हणून मोबाइल नंबर बदलण्याचा अर्ज आधी करा. मग बोजा काढण्याची सेवा निवडून फी भरायची, पावती आणि अर्ज छापायचा आणि कागदांसह नोंदणी असलेल्या कार्यालयात द्यायचा. केए २२ बेळगाव, केए २३ चिकोडी, केए ४९ गोकाक. निपाणीची गाडी केए २३ असेल तर चिकोडीलाच जावं लागतं.

काही बँका बोजा काढल्याची नोंद थेट संगणकावरून पाठवतात, तेव्हा कागदी फॉर्म ३५ लागत नाही. पण शाखेतल्या माणसाच्या तोंडी सांगण्यावर न राहता संकेतस्थळावर स्वतः पाहा.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल, तर बोजा काढणं आणि नाव बदलणं दोन्ही अडतं. थकीत ई-चलनही आधी भरून टाका.

नवं कार्ड आलं की फायनान्सरचा रकाना रिकामा आहे का ते बघा. त्यानंतर विमा कंपनीला एनओसीची दुसरी प्रत देऊन पॉलिसीतूनही बँकेचं नाव काढा. ते राहिलं आणि गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली, तर भरपाई बँकेच्या नावावर निघते आणि मिटलेल्या कर्जाची एनओसी पुन्हा शोधत फिरावं लागतं.

सीमेपलीकडे विकायची असेल तर

कर्नाटकात कारचा आजीवन कर १३ ते १८ टक्के आहे. ८ लाखांच्या गाडीला १४ टक्के म्हणजे १ लाख १२ हजार, उपकर वेगळा. गाडी बेळगाव जिल्ह्यातच विकली तर घेणाऱ्याला हा कर पुन्हा लागत नाही. तीच गाडी चंदगड किंवा कोल्हापूरला गेली की त्याला महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयाप्रमाणे भरावा लागतो, आणि तो आकडा तो तुमच्या किमतीतून कापून बोलतो. कर्नाटकाकडून उरलेल्या कराचा परतावा मिळू शकतो, पण नव्या राज्यात नोंदणी झाल्याचा पुरावा जोडल्यावरच. नव्या आरसीची प्रत द्यायची हे खरेदीदाराकडून व्यवहाराच्या दिवशीच लिहून घ्या, गाडी गेल्यावर फोन उचलले जात नाहीत.

क्रमही चुकवू नका. आधी बोजा उतरवायचा आणि मगच फॉर्म २८ वर परराज्याची एनओसी घ्यायची. उलट केलं तर इथलं कार्यालय फाइल बंद करून मोकळं होतं, तिथलं अजून उघडत नाही आणि बोजा मधेच लटकतो. फॉर्म २९ आणि ३० वर विक्रीची नोंद, आणि नव्या नंबरसाठी फॉर्म २७ तिकडे द्यावा लागतो. परराज्यात विकल्याची माहिती विकणाऱ्याने ४५ दिवसांत द्यायची असते, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत.

उलटा प्रकारही इथे रोजचा. पुण्यात नोकरी असताना घेतलेली एमएच १२ गाडी हप्ते संपल्यावर बेळगावात कायमची आली. १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर केए नंबर आणि कर्नाटकाचा कर आला. गाडी सात-आठ वर्षांची असेल तर हा कर, नवी प्लेट आणि पुण्याच्या फेऱ्या धरून अनेकदा ती महाराष्ट्रातच विकणं स्वस्त पडतं.

डीलरकडे गाडी सोडताना कोऱ्या २९-३० वर सह्या करून देऊ नका. नोंदणीवर ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. डीलर आरटीओकडून अधिकृत असेल तर फॉर्म २९सी वर गाडी ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंद करा, त्यानंतरची जबाबदारी त्याच्याकडे जाते. विमा विकणाऱ्या पोरासारखा गोड बोलणारा दलाल त्याला नको म्हणाला, तर दुसरा डीलर बघा. नो-क्लेम बोनस गाडीसोबत जात नाही, तो तुमचा असतो. विमा कंपनीकडून तसं प्रमाणपत्र घ्या, तीन वर्षांत घेतलेल्या नव्या गाडीला तो चालतो. फास्टॅगही त्याच दिवशी बंद करा, नाहीतर घेणाऱ्याच्या फेऱ्यांचा टोल तुमच्या खात्यातून कटत राहतो.