प्रतिकारशक्तीचा ब्रेक

परवा औषधाच्या दुकानात एक आजोबा दोन वर्षांच्या नातवासाठी 'इम्युनिटी बूस्टर' सिरप मागत होते. बाटलीवर हातात ढाल घेतलेल्या मुलाचं चित्र. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी बरी, असं आपण सगळेच धरून चालतो. हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा ते सायटोकाइन्स नावाची प्रथिनं ओळखीची झाली की कळतं.

प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते या प्रथिनांमधून. पेशीत विषाणू शिरला की ती इंटरफेरॉन नावाचा सायटोकाइन सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. आयझॅक्स आणि लिंडेनमान या शास्त्रज्ञांनी हे १९५७ साली लंडनच्या मिल हिल भागातल्या प्रयोगशाळेत दाखवलं, कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या आवरणावर. हेपॅटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. तेव्हा रुग्णांना फ्लूसारखा ताप भरायचा, अंग ठणकायचं, फ्लूचा विषाणू मात्र अंगात नसायचा. आजारपणातली कणकण बरीचशी या निरोपांचीच असते.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. इंटरफेरॉन पेशीच्या आत जातच नाही, बाहेरच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, येऊन बसतं. त्यामुळे रिसेप्टरचे दोन भाग जवळ येतात. त्यांच्या आतल्या टोकांना 'जॅक' नावाची एन्झाइम्स चिकटलेली असतात. ती एकमेकांना फॉस्फेट लावून जागी करतात, मग रिसेप्टरच्या टोकांनाही फॉस्फेट लावतात. त्या फॉस्फेटला 'स्टॅट' प्रथिनं येऊन चिकटतात, त्यांनाही फॉस्फेट लागतं, त्यांची जोडी जमते आणि ती थेट केंद्रकात जाऊन डीएनएवर बसते. शेकडो जनुकं चालू होतात. त्यातच एक जनुक 'सॉक्स' प्रथिनाचं. हे सॉक्स तयार होतं आणि उलट जाऊन जॅकलाच धरतं. निरोप थांबतो. म्हणजे 'सुरू करा' या आदेशाच्या पोटातच 'आता पुरे' हा आदेश असतो!

सॉक्स-१ चं जनुक काढून टाकलेली उंदराची पिल्लं तीन आठवडेही जगत नाहीत. मरायला त्यांना जंतुसंसर्गाची गरज नसते, स्वतःच्याच गॅमा इंटरफेरॉनचा (हा इंटरफेरॉनचाच एक प्रकार) मारा पुरतो. त्या इंटरफेरॉनचं जनुकही काढलं, तर ती तगतात.

माणसांत हे मार्च २००६ मध्ये लंडनला दिसलं. टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशींना) चेतवणारं एक नवं औषध सहा निरोगी तरुणांना दिलं. दीड तासात डोकेदुखी, ताप सुरू झाले, सायटोकाइन्स उसळले, एकेक अवयव निकामी होऊ लागला. सहाही जण वाचले, पण अतिदक्षता विभागात जाऊन. कोविडमध्येही हाच धोका होता. म्हणून २०२० साली डेक्सामेथासोन हे प्रतिकारशक्ती दाबणारं स्वस्त स्टेरॉइड कामी आलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना त्याचा फायदा झाला नाही.

तेव्हा आवळा-गुळवेलीच्या पाकाने 'इम्युनिटी वाढते' असं कुणी म्हटलं, तर विचारा : कुठला सायटोकाइन, किती, आणि थांबवणार कोण? लस ठरावीक जंतूंचीच ओळख करून देते, तिचं काम वेगळं. आजोबांना मी नातवाच्या लसींबद्दल विचारलं. गोवराचा दुसरा डोस राहिला होता. तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, एवढं त्यांना सांगितलं.