पट्टे कुठून सुरू होतात? मण्यार आणि कवड्या या दोन सापांचा गोंधळ

मृगाचा पाऊस पडून गेला की माझ्या फोनवर फोटो यायला सुरुवात होते. मोरीचा कोपरा, कडब्याची गंजी नाहीतर जिन्याची पायरी, आणि तिथे काहीतरी काळपट, आडव्या पांढऱ्या पट्ट्यांचं. खाली ठरलेला प्रश्न : "काका, मण्यार आहे ना?" बहुतेक वेळा तो कवड्या असतो, आणि बहुतेक वेळा फोटो माझ्यापर्यंत येतो तोवर त्याचं डोकं ठेचलेलं असतं. ओळख पटवायला जे बघायचं, तेच आधी गेलेलं.

नागावर मी वेळ घालवत नाही, तो सगळ्यांना कळतो. धामणीला नाग समजून मारणारे अजून आहेत. एवढं करून पुन्हा ज्वारीच्या पोत्यात उंदीर झाले म्हणून तेच कुरकुरतात. घोणस आणि डुरक्या घोणस यांचंही थोडक्यात उरकतो. घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे लांबट ठिपके तीन ओळींत असतात, शेपूट निमुळती होत जाते आणि डिवचली तर कुकरसारखी फुसफुसते. डुरक्या आखूड, जाडा, ठिपके वेडेवाकडे, शेपूट मध्येच तोडल्यासारखी. कळत नसेल तर घोणस समजून मागे व्हायचं.

खरा घोळ मण्यार-कवड्याचा.

कवड्या बिनविषारी आहे. पट्ट्यांमुळे अंगावर कवड्या ओवल्यासारखं दिसतं म्हणून हे नाव. तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यातली माळ आठवा. मण्यार मात्र आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांतली एक. दोघंही रात्री फिरतात, दोघंही घरात शिरतात, आणि टॉर्चच्या उजेडात दोघंही सारखेच चकाकतात.

आता फक्त एक गोष्ट बघा : पट्टे कुठे सुरू होतात आणि कुठे विरतात.

कवड्याचा पहिला पट्टा मानेलाच असतो, बऱ्याचदा कॉलर घातल्यासारखा. पुढच्या अंगावर पट्टे रुंद, ठळक, कडेला फाटे फुटलेले, आणि शेपटीकडे जाता जाता फिके होत नाहीसे होतात. मागावर बाण्याचं सूत संपत आल्यावर नक्षी विरळ पडावी तसे. मण्यारीचं बरोबर उलटं. डोकं आणि मान कोरी, काळीभोर. थोडं अंतर गेल्यावर बारीक पांढऱ्या रेषा सुरू होतात, पुष्कळदा दोन-दोनच्या जोडीने. आधी पुसट, कधी नुसते ठिपके, आणि शेपटीकडे जास्त जास्त ठळक होत टोकापर्यंत.

म्हणजे सापाच्या पोटाजवळचा फोटो पाठवून उपयोग नाही. मधला भाग दोघांचाही फसवतो. डोकं आणि शेपूट दोन्ही दिसायला हवं, आणि तेही लांबून झूम करून. काठीने सरळ करून नव्हे.

"काळा असला की मण्यार, तपकिरी असला की कवड्या" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. साधा कवड्या तपकिरी असतो हे खरं, पण ट्यूबलाइटखाली चॉकलेटी रंगही काळाच दिसतो. शिवाय पट्टेरी कवड्या नावाचा त्याचा भाऊबंद चांगला काळाच असतो. रंगावर जाऊ नका. दुसरा सल्ला त्याहून भारी : "मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरचे खवले मोठे, षटकोनी असतात, ते बघा." असतात, खोटं नाही. पण रात्री साडेदहाला मोरीत वाकून षटकोन मोजणार कोण?

लांबीचाही भरवसा नाही. कवड्या साधारण दीड-दोन फुटांचा, वाढलेली मण्यार तीन फूट आणि पुढे. पण मण्यारीचं पिल्लू कवड्याएवढंच असतं. मी वर सांगितलेला नियमही नेमका इथेच लंगडा पडतो, कारण पिल्लांमध्ये पांढऱ्या खुणा मानेच्या बऱ्याच जवळून सुरू झालेल्या असू शकतात. म्हणून हातभर लांबीचा पट्टेरी साप दिसला तर माझ्या लेखी तो मण्यारच. कवड्याला मण्यार म्हटलं तर तो उगीच बदनाम होतो. मण्यारीला कवड्या म्हटलं तर माणूस जातो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका पोराने "कवड्याच आहे ओ, काय करत नाही" म्हणत एकाला सुपलीत घेतलं होतं. सुपलीतून लोंबणाऱ्या शेपटीवर पट्टे पांढरेशुभ्र होते. मी ओरडलो तेव्हा त्याने सुपली टाकली, आणि ती मण्यार निवांत दगडी फरशीखाली गेली.

भिंतीवर चढलेला असेल तर बहुधा कवड्या. पालींच्या मागे तो ट्यूबलाइटपर्यंत जातो. पण "भिंतीवर आहे म्हणून कवड्याच" असला उलटा हिशेब करू नका.

आता चावल्यावरचं. इथे ओळख पटवणं बंद. कवड्या डिवचला की चटकन चावतो, रक्तही येतं, आणि आरडाओरडा होतो. मण्यारीचा दंश मात्र झोपेतल्या माणसाला कळतही नाही. सूज नाही, फारसं दुखणं नाही, कधी दातांची खूणसुद्धा सापडत नाही. "दोन खुणा असल्या तर विषारी, जास्त असल्या तर बिनविषारी" ही शाळेत शिकवलेली खूण इथे मातीमोल आहे. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घरचे म्हणतात रात्रीची शेंगाचटणी बाधली. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात. जमिनीवर झोपलेलं माणूस पावसाळ्यात पहाटे पोटदुखीने उठलं आणि त्याच्या पापण्या मिटत असतील, तर ओवा देत बसू नका. 108 ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा.

साप मारून पिशवीतून नेण्याची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असतं. डॉक्टर लक्षणं बघून देतात. मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांना एकदा इजा केली की प्रतिविष ती भरून काढत नाही, मग श्वासासाठी व्हेंटिलेटरच लागतो. म्हणून पिशवी शोधण्यात गेलेली दहा मिनिटं महाग पडतात. आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिक, यातलं काहीही नको. चावलेला हात किंवा पाय हलू न देता ठेवायचा, बस्स.

घराभोवतीच्या उपायांत माझी पसंती एकाच गोष्टीला : खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. उन्हाळ्यात पारा 44 वर गेला की आपण अंगणात, ओट्यावर चादर टाकून आडवे होतो, आणि पाऊस सुरू झाला तरी ती सवय सुटत नाही. फिनेल, लसूण, कार्बोलिक ॲसिड यांवर पैसे घालवण्यापेक्षा दाराखालची फट बुजवा, मोरीच्या तोंडाला जाळी बसवा, कडबा आणि सरपण भिंतीला टेकवून रचू नका. रात्री परसात जाताना टॉर्च आणि बूट. साप घरात आलाच तर त्याच्यावर लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने साप मारणं गुन्हा आहे, हे काठी घेऊन धावणाऱ्याला कुणीतरी ऐकवा.

आमच्या मोरीत दुसरं वर्ष एक कवड्या आहे. सौ. त्याला हाकलायला सांगते. पण पाली कमी झाल्यात हे तीही कबूल करते.