मोराने हिणवलं आणि डोंगर फाटला

बेळगावहून यरगट्टीमार्गे सौंदत्तीला निघालेल्या बसमध्ये मनोळी सुटली की बायकांच्या तोंडी 'उदं गं आई उदं' सुरू होतं, कारण यल्लमाचा डोंगर जवळ आलेला असतो. त्या गडबडीत मलप्रभेची खिंड, नवीलतीर्थ, कधी मागे पडतं ते कळतही नाही. पदराला भंडाऱ्याची पुडी बांधून निघालेल्या माणसाला खिंड बघायला सवड कुठली?

नाव कानडी. नवीलु म्हणजे मोर. मराठी कानाला त्यात 'नवल' ऐकू येतं. चूक आहे, पण शोभते.

मलप्रभा आपल्या खानापूर तालुक्यातली, कणकुंबीच्या माउलीच्या देवळाजवळ उगम पावणारी. घाटमाथ्यावरून पूर्वेकडे वाहत ती मनोळीच्या डोंगराशी आली आणि अडली, असं लोक सांगतात. समोर सलग भिंत. कुठून जावं, या विचारात ती घुटमळत राहिली. डोंगरमाथ्यावर मोर बसला होता. नदीची फजिती बघून तो वरून ओरडून तिला हिणवू लागला. तेवढ्यात डोंगर मधोमध दुभंगला आणि नदी त्या फटीतून आनंदाने निघून गेली. मोर अजून आपल्याच तोऱ्यात होता. त्याला उडायलाही उसंत मिळाली नाही. डोंगराबरोबर त्याचेही दोन तुकडे झाले.

या कथेत डोंगर नदीच्या जोरापुढे हरत नाही, आपणहून वाट देतो, हे मला फार आवडतं. तीर्थाला नाव मात्र हिणवणाऱ्याचंच राहिलं.

हा खडक कलादगी नावाच्या जुन्या खडकथरांतला वाळूचा दगड, गोकाकच्या धबधब्याखाली आहे त्याच कुळातला. नुसत्या पाण्याने तो विरघळत नाही. पुराबरोबर येणारी वाळू आणि गोटे पिढ्यान्‌पिढ्या घासत राहतात, तेव्हा कुठे अशी फट पडते. वाळूनेच वाळूचा दगड कापायचा, असा हा मामला. आणि याच मलप्रभेच्या काठी रेणुका, म्हणजेच यल्लमा, रोज वाळूचा घडा करून पाणी भरायची, सापाची चुंबळ करून डोक्यावर न्यायची, हेही डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं.

फट अरुंद म्हणूनच ती इंजिनिअरांच्या नजरेत भरली. दोन कड्यांमध्ये जेमतेम दीडशे मीटरची भिंत घातली की मागे तळंच तळं. १९७२ मध्ये धरण झालं. त्या तळ्याची, रेणुकासागराची, क्षमता सुमारे ३७ टीएमसी (अब्ज घनफूट). हुबळी-धारवाडही त्याचंच पाणी पितं. मोराला जे जमलं नाही ते भिंतीने केलं म्हणायचं.

पण तळं पुरतं भरत नाही, ही तिकडची जुनी तक्रार. त्यातून गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादईच्या नाल्यांचं पाणी इकडे वळवायची कळसा-भांडुरा योजना निघाली, गोव्याशी वाद पेटला, आणि म्हादई लवादाने २०१८ मध्ये या दोन नाल्यांचं मिळून ३.९ टीएमसी पाणी मलप्रभेत वळवायला मान्यता दिली. त्यातल्या कळसा कालव्याचं खणकाम झालं ते थेट कणकुंबीला, माउलीच्या दारात.